आधी कोपराला

आरसेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करायचे, आणि त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात माणसाला आपले दात मोजता यायचे. म्हणून कुणीतरी त्यांना थट्टेने आरसे म्हटलं आणि ते नाव चिकटलं. चिकटलेली गोष्ट सहजासहजी निघत नाही, हे पॉलिशवाल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. बायको चिडली की तीसुद्धा 'अहो आरसे' अशी हाक मारायची. तिला आपण काकू म्हणू, कारण सगळी गल्ली तिला काकूच म्हणे.

पॉलिशच्या धंद्यात प्रत्येक थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, मग शेवटचा हात. काकांचा जन्म या हातांवर हात देण्यात गेला, आणि त्यापायी त्यांचे स्वतःचे हात मात्र असे काही बनले की विचारू नका. तळवा तपकिरी, जाड, जोड्याच्या तळव्याशी नातं सांगणारा. चुलीवरचं पातेलं उचलायला या माणसाला फडकं लागत नसे. काकूंनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला होता. काही गरम उतरवायचं असलं की त्या बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायच्या आणि काका वर्तमानपत्र ठेवून उठायचे.

निवृत्त झाल्यावर काकांनी आधी घरातलं सगळं लाकूड चमकवलं. दारं झाली, खुर्च्या झाल्या, लाटणं झालं, झाडूचा दांडा झाला. लाटणं एवढं गुळगुळीत झालं की ते काकूंच्या हातात ठरेना. तेव्हा काकूंनी बजावलं की आता घरात मी एकटीच उरले आहे, माझ्यावर हात मारायचं मनात आणू नका. मग काका रोज दुपारचा चहा करू लागले. चहा करायला त्यांना येत नव्हता असं नाही, पण साखरेच्या बाबतीत त्यांचं धोरण पॉलिशचंच होतं, एक थर दिला की दुसरा. काकूंनी सुरुवातीला कुरकुर केली आणि मग नाद सोडला. सून मात्र तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायची आणि म्हणायची, "छान झालाय, बाबा."

सून घरात येऊन वर्ष होत आलं होतं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. ती एका सलूनमध्ये केस कापायची. कापायची म्हणजे कापायला शिकली होती, पण तिला उभं केलं होतं बेसिनपाशी, दिवसभर लोकांची डोकी धुवायला. पोरगी मोठी गुणी, कामाला वाघ. पण बोलायची इतकं कमी की काकांना कळेच ना, हिला आपलं घर मानवलं की नाही. तिला काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, 'हो बाबा'. आता 'हो' हे उत्तर चांगलं असतं, पण माणूस सारखंच 'हो' म्हणायला लागला की त्या 'हो'ला किंमत राहत नाही.

एके दिवशी ती लिंबू पिळताना कळवळली आणि काकांनी तिचा हात पाहिला. पाणी आणि शाम्पूने त्याची पार रया गेली होती. बोटांच्या पेरांवर भेगा, मनगटापर्यंत पांढरी खरबरीत साल. काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. सलूनच्या मालकीणबाई तिला बेसिनवरून उठवून केस कापायची स्वतंत्र खुर्ची द्यायला तयार होत्या, पण हे हात सुधारले तरच. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाईकाला समोरच्या आरशात केस कापणाऱ्याचेच हात दिसत असतात. एका बाईने तर हे पसरतं का, असं तोंडावर विचारलं होतं. मालकीणबाईंनी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं होतं. तोवर हात बरे झाले नाहीत तर खुर्ची दुसऱ्या मुलीला, आणि हिला जन्मभर बेसिन.

काकांना त्या रात्री झोप लागली ती एक विचार डोक्यात घेऊनच. कोरडी, तडकलेली फळी त्यांनी आयुष्यात हजार वेळा बघितली होती. फळीला तेल पाजायचं, वरून मेण द्यायचं, की ती पुन्हा जिवंत होते. मग कातडीनेच काय घोडं मारलंय?

विचार डोक्यात शिरला की काका स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभे राहिले आणि गर्दी ओसरेपर्यंत दुकानदाराला प्रश्न विचारत राहिले. मेण कोणतं? कातडी तेल पिते की नुसतं अंगावर वागवते? पाणी घातलं तर काय होतं? दुकानदार सज्जन आणि बोलका होता. त्याने सांगितलं की कारखान्यातलं मेण अजिबात नको, त्यात टर्पेंटाइन असतं, शुद्ध मधमाशांचं घ्या. तेल खायच्या प्रतीचं घ्या. बरण्या उकळून, पूर्ण कोरड्या करून घ्या. पाण्याचा थेंब पडू देऊ नका, कारण नुसतं तेल आणि मेण टिकतं, पण पाणी शिरलं की डोळ्यांना दिसायच्या आधीच त्यात जंतू वाढतात. बोट बुडवू नका, चमच्याने काढा. भेगांतून पाणी किंवा रक्त येत असेल तर मलम राहू द्या, डॉक्टर गाठा. आणि शेवटी म्हणाला की कुठलीही नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, आणि मगच पुढे.

काकांनी सगळं नीट ऐकलं. हे शेवटचं मात्र या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. जन्मभर ज्याने हाताने पारख केली, तो कोपराला कशाला विचारायला जातोय?

मग काकूंच्या स्वयंपाकघरावर काकांचं राज्य आलं. पातेल्यात पाणी, पाण्यावर वाडगा, वाडग्यात बदामाचं तेल आणि किसलेलं मेण. मेण विरघळताना त्याचे पांढुरके तुकडे आधी कडेने पारदर्शक होत आणि मग एकदम नाहीसे होत. काका त्यावर ओणवून ते बघत बसायचे. गार बशीवर थेंब टाकून तो किती घट्ट होतो ते पाहायचे. फार घट्ट, तेल वाढवा. फार पातळ, मेण वाढवा. काकू म्हणायच्या की लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हाही यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

पहिली बरणी तयार झाली. काकांनी मलम तळव्याला चोळलं, दिवसभर वाट पाहिली. काही झालं नाही. "माझ्या हाताला मानवलं, म्हणजे जगाला मानवलं," असं म्हणून त्यांनी बरणी सुनेला दिली.

आणि खरोखर गुण आला. सून बेसिनवर हातमोजे घालायला लागली आणि घरी आल्यावर मलम. साल निघायची थांबली, भेगा मिटायला लागल्या. काकांची छाती दोन इंच फुगली. इथे हे प्रकरण संपलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण पॉलिशवाल्याला एका हातावर थांबता येतं का?

नुसत्या तेलामेणाच्या मलमाला ना वास, ना दिमाख. काकांना आठवली कारखान्यातून निरोपाच्या दिवशी आणलेली बाटली. संत्र्याच्या सालीचं तेल. लाकडाचा मळ काढायला ते वापरायचे, आणि पॉलिशवाल्यांचा एक पक्का समज असतो की आपल्या बाटल्या जितक्या जुन्या तितक्या मुरलेल्या, आणि जितक्या मुरलेल्या तितक्या गुणी. ही बाटली अर्धी रिकामी होऊन कपाटात कैक वर्षं मुरत होती. झाडाच्या फळाचं तेल, अगदी नैसर्गिक, त्यात वाईट असणार काय? काकांनी दुसऱ्या बरणीत ते सढळ हाताने घातलं. घरभर असा सुगंध सुटला की शेजारीण काय शिजतंय ते विचारून गेली. तळव्याला लावलं. तळवा खूश. बरणी सुनेच्या हवाली.

रोज संध्याकाळी ती घरी आली की काका दारातच विचारायचे, "काय, मानवलं का?" आणि ती म्हणायची, "हो बाबा."

काही दिवसांनी ती घरातही हातमोजे घालून वावरू लागली. जेवताना चमचा घेऊ लागली. काकांना वाटलं, नवीन पिढीची स्वच्छता. काकूंना मात्र शंका आली. एकदा मोरीचं दार लोटलेलं होतं आणि आत सून गार पाण्याखाली दोन्ही हात धरून उभी होती. हात लालभडक, बोटांच्या फटींत बारीक बारीक पुरळ. काकूंनी तिचे हात टॉवेलने टिपले आणि थेट काकांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

काकांना ते पटेना. आपण रोज तेच मलम लावतो, मग आपल्याला कसं काही होत नाही? त्यांनी पुरावा म्हणून तळवे पुढे केले. काकू वाद घालत बसल्या नाहीत. आत गेल्या, चहा उकळला, स्टीलच्या पेल्यात काठोकाठ ओतला आणि चिमट्याने धरून आणून काकांच्या हातात दिला. काकांनी तो मुठीत धरला आणि आपलं म्हणणं पुढे चालू ठेवलं. काकूंनी एका बोटाने पेल्याला स्पर्श केला आणि झटकन बोट काढून घेतलं.

"अहो, या हाताला विचारून तुम्ही पोरीला मलम दिलंत?" काकू म्हणाल्या.

काका पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

त्वचेच्या डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं, स्वतःचं औषध दिलं आणि सांगितलं की हात कोरडे ठेवा, घरात काय काय घालून बनवलं होतं ते मला कळवा. सून काही दिवस कामावर गेली नाही. मालकीणबाईंनी ठरलेली मुदत वाढवली नाही. आता हात वेळेत बरे होतील की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. काकांना घास गोड लागेना. पण अपराधी वाटत असलं तरी हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. डॉक्टरांना सांगायचं तर नेमकं काय सांगायचं? तेलाने केलं, मेणाने केलं, की तिसऱ्याने? तेव्हा कुठे त्यांना औषधवाल्याचं ते शेवटचं वाक्य आठवलं.

त्यांनी बाही वर केली. कोपराच्या आतली कातडी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिली. तिथे पॉलिश कधी पोचलंच नव्हतं. मऊ, फिकट, लहान मुलाची असावी तशी. त्यांनी तिथे संत्र्याचं मलम लावलं आणि वाट पाहू लागले. पहिला दिवस कोरडा गेला. दुसराही. काकू म्हणाल्या की लोक दुसऱ्याच्या कोपराला गूळ लावतात, तुम्ही स्वतःच्याच कोपराला मलम लावून आशेवर बसलाय. आणि मग एका सकाळी काका बनियनवरच स्वयंपाकघरात धावत आले. कोपरात लाल चट्टा उमटला होता आणि ते तो मोठ्या कौतुकाने दाखवत होते. अंगाला खाज सुटली म्हणून इतका आनंदलेला माणूस काकूंनी जन्मात पाहिला नव्हता.

मग सुरू झाली खरी तपासणी. चट्टा बरा होऊ दिला आणि दुसऱ्या हाताच्या कोपराला नुसतं बदामाचं तेल. गुडघ्यामागे एका पायाला तेल आणि मेण. दुसऱ्या पायाला तेलात संत्र्याचा जेमतेम थेंब. प्रत्येक जागेभोवती पेनने गोल. अर्ध्या चड्डीवर बाजारात गेले की लोक विचारायचे, हे काय गोंदवलंय. तेल गप्प राहिलं, मेण गप्प राहिलं. संत्रं बोललं.

बाटली घेऊन ते औषधवाल्याकडे गेले. त्याने बूच काढून वास घेतला आणि किती जुनी आहे ते विचारलं. अशी तेलं हवा लागून बदलतात, म्हणाला, आणि बदललेलं तेल कातडीला जास्त बाधतं. जुनं असो नवं असो, वासाची तेलं जपूनच वापरावीत, आणि भेगाळलेल्या हातांवर तर नाहीच. काका परत येताना स्वतःशीच पुटपुटत होते, लाकडाला मुरलेलं ते माणसाला नासलेलं.

डॉक्टरांना त्यांनी ते कळवलं. मग ते सुनेच्या समोर जाऊन बसले. ती खिडकीपाशी हातांना औषध लावत होती. चूक माझी, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाटली दाखवली, कोपर दाखवलं. आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मी रोज विचारत होतो. तू रोज हो म्हणत होतीस. का गं?"

तिने औषधाचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेने दारात उभे असायचात, बाबा. नाही कसं म्हणणार?"

"माझं मन राखायला हात जाळून घेतलेस, पोरी?"

तिचे डोळे भरून आले आणि काकांचेही. काकू दाराशी उभ्या होत्या. भीड भिकेची बहीण, एवढंच त्या म्हणाल्या, पण ते सुनेला होतं की नवऱ्याला, हे कळायला मार्ग नव्हता. काकांनी तेव्हाच ठरवलं की आता तिला विचारायचं नाही. तिच्या कोपराला विचारायचं. कोपराला भीड नसते.

औषधाने हात निवळले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकांनी पुन्हा साधं मलम केलं, तेल आणि मेण, बस. बरणीवर केल्याची तारीख चिकटवली. सुनेने ते आधी कोपराला लावलं, आठवडा जाऊ दिला आणि मग हातांना. कातडी सावकाश भरून येऊ लागली. महिनाअखेर जवळ येत होती आणि घरातले तिघंही उठता-बसता ते हात बघत होते.

आणि खोड बघा. मुदतीला थोडेच दिवस उरलेले असताना काका एक नवी छोटी बरणी घेऊन आले. शेवटचा हात. यात त्यांनी लॅव्हेंडरचं तेल घातलं होतं, अगदी थेंबभर, ताजं, सीलबंद बाटलीतलं. औषधवाला नको म्हणाला होता, पण या वेळी काकांनी कायदा पाळला होता. स्वतःच्या कोपराला आठवडाभर लावून पाहिलं होतं आणि कोपर अगदी स्वच्छ होतं. भेगा तर मिटल्या आहेत, जरा चकाकी आली की मालकीणबाई बघतच राहतील, असं त्यांचं म्हणणं. काकू कपाळाला हात लावणार होत्या, पण त्या सुनेकडे बघत थांबल्या.

सुनेने बरणी हातात घेतली. झाकण उघडून वास घेतला. तो तिला आवडला होता, ते दिसत होतं. ओठांवर तिचं ते नेहमीचं 'हो' आलंही असेल.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "हे तुमच्या कोपराला मानवलं. माझ्या कोपराला मी विचारते."

काकांना क्षणभर लागलं. लागणारच. ती रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर बाही सारून ते मलम लावायची आणि हातांना मात्र साधंच. मुदतीच्या आदल्या सकाळी ती बाही वर करूनच बाहेरच्या खोलीत आली आणि तिने कोपर काकांच्या चष्म्यासमोर धरलं. तिथे बारीक पुरळ उठलं होतं, अगदी त्या वेळी बोटांच्या फटींत उठलं होतं तसंच.

"नाही मानवलं, बाबा."

काकांनी ते कोपर पाहिलं आणि मग खाली तिचे हात पाहिले. हातांवर काही नव्हतं. दोन्ही हात साधे, स्वच्छ, कुणाच्याही लक्षात येणार नाहीत असे होते. त्यांनी ती छोटी बरणी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तिचे हात उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले आणि सांगितलं की आता बेसिनपाशी उभं राहायचं नाही, खिडकीजवळची खुर्ची तुझी. मालकीणबाईंनी कोणतं क्रीम वापरलंस म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की सासरे बनवतात, पण हवं असेल तर आधी कोपराला लावून बघावं लागेल.

ही बातमी सांगायला ती दुपारीच घरी आली. काकूंनी तिला जवळ घेतलं. काकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी चहा टाकला. तिघंही बाहेरच्या खोलीत बसले. सुनेने पहिला घोट घेतला, आणि काकांनी जुन्या सवयीने विचारलं, "कसा झालाय?"

सुनेने कप खाली ठेवला.

"फार गोड आहे, बाबा. पहिल्या दिवसापासूनच."

काकूंच्या हातातली कपबशी किणकिणली, इतकं त्यांना हसू आलं. काकांनी सुनेकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि तिचा कप उचलून दुसरा चहा टाकायला आत गेले.